न झालेली लढत

वाचकहो, यात्रेतल्या कुस्त्यांचे मैदान तुम्ही पाहिलेच असेल. दुपारपासून हलगी कडाडत असते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळावरच्या, मग हळूहळू इनामाचा आकडा चढत जातो. माणसे उन्हातान्हात बसून राहतात ती शेवटच्या मोठ्या जोडीसाठी. आणि एखाद्या वर्षी नेमके असे होते की, ती जोड लागतच नाही. पंच उभे राहून सांगतात की, अमुक पैलवान आलेले नाहीत. मग परतीच्या वाटेवर काय वाद रंगतो म्हणता! एक म्हणतो, तो भ्याला. दुसरा म्हणतो, भ्याला कसला, इनाम कमी पडले. तिसरा म्हणतो, त्याच्या वस्तादाने त्याला अडवले. आणि चौथा, जो सहसा जरा वयस्क असतो, तो म्हणतो, ‘अरे बाबांनो, कमिटीच्याच मनात ही कुस्ती लावायची नव्हती.’

आज मी तुम्हाला अशाच एका न लागलेल्या जोडीची हकीकत सांगणार आहे. ही जोड आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतली आहे. कुस्तीची नव्हे, मुष्टियुद्धाची आहे. एका बाजूला हेवीवेट गटाचा, म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटाचा, जगज्जेता जॅक डेम्प्सी. दुसऱ्या बाजूला त्याला आव्हान देणारा हॅरी विल्स. १९१९ पासून १९२६ पर्यंत, सुमारे सात वर्षे, ही लढत होणार, होणार, असे अमेरिकाभर बोलले गेले. करारांवर सह्या झाल्या, तिकिटे छापली गेली, अनामत रकमा भरल्या गेल्या. पण लढत काही झाली नाही. आणि आपल्या यात्रेतल्या चौघांसारखेच चार पक्ष करून तिकडचे रसिक पुढे कितीतरी वर्षे भांडत राहिले.

तुम्ही म्हणाल, जी लढत झालीच नाही तिचा इतिहास तो काय? माझे म्हणणे असे की, काही वेळा घडलेल्या गोष्टीपेक्षा न घडलेली गोष्टच त्या काळाचे खरे रूप दाखवते. कसे ते पाहू.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी हेवीवेटचे अजिंक्यपद म्हणजे काही स्पर्धेतले बक्षीस नव्हते, की फेरीमागून फेरी जिंकत गेलात की शेवटी ते हाती पडेल. ते एका माणसाच्या मालकीचे असल्यासारखे होते. ज्याच्याकडे ते असे, त्याने लढायला होकार दिला तरच दुसऱ्याला ते जिंकता येई. त्याच्या होकारामागे त्याचा मॅनेजर, मॅनेजरमागे सामना भरवणारा पैसेवाला माणूस आणि त्याच्याही मागे ज्या राज्यात सामना व्हायचा तिथले सरकार. या साऱ्यांचे जुळले तर करार. आणि गंमत अशी की, यांपैकी कोणालाही ‘नाही’ म्हणण्याची गरज नव्हती. ‘पाहू’, ‘पैसे ठरू द्या’, ‘जागा मिळू द्या’, एवढे म्हटले तरी भागत असे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण न येणाऱ्यासाठी वापरतो. इथे मात्र ज्याला नाचायचेच नव्हते तोही अंगणाकडे बोट दाखवू शकत होता.

त्यात आणखी एक अडसर होता, आणि तो कोणत्याही नियमाच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. हॅरी विल्स काळा होता.

अमेरिकेत या अडसराला ‘रंगाची रेघ’ म्हणत. जॉन सलिव्हन हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा मोठा गाजलेला विजेता. तो ही रेघ उघडपणे ओढत असे. त्याच्या काळात पीटर जॅक्सन नावाचा एक थोर काळा मुष्टियोद्धा होता. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत या जॅक्सनने जेम्स कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या झुंज दिली आणि लढत निकालाविना थांबवली गेली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने सलिव्हनला हरवून अजिंक्यपद मिळवले. म्हणजे पाहा, दोघे तोलामोलाचे. पण एक विजेता झाला आणि दुसऱ्याला सलिव्हनपुढे उभेच राहू दिले गेले नाही.

ही रेघ पहिल्यांदा पुसली गेली ती न्यायबुद्धीने नव्हे, तर पैशाने. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन गावचा जॅक जॉन्सन तेव्हाचा विजेता टॉमी बर्न्स याच्या मागे इंग्लंड आणि तिथून ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. बर्न्सने अट घातली की, मला तीस हजार डॉलर द्या, मग लढतो. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. ह्यू मॅकिंटॉश नावाच्या ऑस्ट्रेलियन व्यावसायिकाने ती मान्य केली. जॉन्सनच्या वाट्याला सुमारे पाच हजार, म्हणजे सहावा हिस्सा आला. पण त्याने तो घेतला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली आणि जॉन्सन हेवीवेट गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला.

मग मात्र गोऱ्या अमेरिकेची झोप उडाली. निवृत्त होऊन शेतीवाडी पाहत बसलेल्या जिम जेफ्रीजला परत आणण्यात आले. टेक्स रिकर्ड या माणसाने एक लाख एक हजार डॉलरची बोली लावून सामना मिळवला. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी आयत्या वेळी बंदी घातली, तेव्हा नेवाडातल्या रीनो गावी मांडव हलवला. ४ जुलै १९१० रोजी जॉन्सनने पंधराव्या फेरीत जेफ्रीजला हरवले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली, आणि मेलेल्यांत बहुतेक काळे होते. लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली. १९१२ साली तर मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊ नयेत असा कायदाच झाला. १९१३ मध्ये जॉन्सनवर एका वेगळ्याच कायद्याखाली खटला होऊन त्याला शिक्षा झाली. तो देश सोडून गेला. १९१५ साली हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलार्डने त्याला हरवले. त्या शिक्षेबद्दल सरकारने त्याला माफी दिली ती २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी!

जॉन्सनचा एक दोषही इथे सांगायलाच हवा, नाहीतर चित्र एकांगी होईल. विजेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्डसारख्या समर्थ काळ्या प्रतिस्पर्ध्याला अजिंक्यपदासाठी संधी दिली नाही. गोऱ्याशी लढण्यात जास्त पैसा होता. रेघ ओलांडून गेलेला माणूस मागच्यांसाठी दार उघडे ठेवतोच असे नाही. हा धडा आपल्यालाही अपरिचित नाही.

आता आपल्या मूळ जोडीकडे येऊ. ४ जुलै १९१९ रोजी ओहायो राज्यातल्या टोलिडो शहरी जॅक डेम्प्सीने विलार्डला अक्षरशः झोडपून अजिंक्यपद घेतले. दोनच दिवसांत वर्तमानपत्रांत बातमी आली की, नवा विजेता काळ्या आव्हानवीरांशी लढणार नाही. त्यांतला सर्वांत मोठा आव्हानवीर होता हॅरी विल्स. न्यू ऑर्लिन्सचा राहणारा, गोदीत हमाली केलेला, उंचापुरा, शांत स्वभावाचा. गोरे लढायला तयार नसत, म्हणून काळ्या मुष्टियोद्ध्यांना पुन्हापुन्हा एकमेकांशीच लढावे लागे. विल्स आणि लँगफर्ड एकमेकांसमोर पंधराहून अधिक वेळा उभे राहिले! एकाच गावच्या दोन पैलवानांनी आयुष्यभर एकमेकांशीच कुस्ती करत राहावे, तसा हा प्रकार.

१९२० साली न्यूयॉर्क राज्यात नवा कायदा झाला आणि मुष्टियुद्धावर देखरेख करणारे सरकारी मंडळ आले. विल्सच्या मॅनेजरने या मंडळापुढे रीतसर आव्हान दाखल केले. लोकांचा दबावही वाढत होता. जुलै १९२२ मध्ये डेम्प्सी आणि विल्स या दोघांनी एका करारावर सह्या केल्या. वर्तमानपत्रांतून फोटो झळकले. पण तो कागद वाचला तर काय दिसते? त्यात लढतीची तारीख नाही आणि जागाही नाही. लग्नपत्रिका छापावी आणि तीत मुहूर्त नि मांडव दोन्ही नसावेत, त्यातली गत.

वादाला खरा रंग चढला तो इथून. पहिला पक्ष म्हणे, डेम्प्सी भ्याला. दुसरा पक्ष म्हणे, छे, डेम्प्सी कोणालाही भिणारा नव्हता. त्याचा मॅनेजर जॅक कर्न्स नको तिथे धोका पत्करत नव्हता. तिसरा पक्ष म्हणे, दोष टेक्स रिकर्डचा. हाच माणूस रीनोचा सामना भरवणारा; तेव्हाच्या दंगली त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. त्याला पुन्हा तसला सामना नको होता, कारण त्याच्या साऱ्या धंद्यावरच बंदी येण्याची भीती होती. वरच्या राजकीय वर्तुळातून आपल्याला ‘ही लढत लावू नकोस’ असे सुचवले गेले, असेही रिकर्डने सांगितले. आणि चौथा पक्ष, मुख्यतः काळ्या लोकांची वर्तमानपत्रे, म्हणे, तुम्ही माणसांची नावे कशाला मोजत बसता? साऱ्यांची कारणे वेगवेगळी असली तरी निकाल दरवेळी एकच कसा लागतो?

वाचकहो, हा चौथा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इतिहास शिकवताना आपण एका माणसाला धरून दोष देतो आणि मोकळे होतो. पण इथे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य होतेही. तरी साऱ्यांच्या बेरजेने एक माणूस दाराबाहेर राहत होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२३ साली डेम्प्सी अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोशी लढला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. १९२४ च्या सप्टेंबरसाठी डेम्प्सी-विल्स लढतीची तिकिटेसुद्धा छापली गेली. लढत झाली नाही. त्याऐवजी विल्स त्याच फिर्पोशी बारा फेऱ्या लढला आणि वरचढ ठरला. १९२५ साली न्यूयॉर्कच्या मंडळाने डेम्प्सीला बजावले की, विल्सचे आव्हान टाळशील तर इथे तुला लढता येणार नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये मिशिगन राज्यातल्या नाइल्स गावी पुन्हा करार झाला. या खेपेस विल्सला पन्नास हजार डॉलर आगाऊ मिळाले. डेम्प्सीला कबूल केलेली रक्कम मात्र सामना भरवणाऱ्याला उभी करता आली नाही, आणि तोही करार बारगळला.

मार्च १९२६ मध्ये शिकागोच्या एका संस्थेने तिसरा करार केला. त्यात डेम्प्सीला पहिल्यांदा दहा डॉलर, ऑगस्टमध्ये तीन लाख आणि लढतीच्या दहा दिवस आधी पाच लाख, शिवाय नफ्यात वाटा, असे ठरले होते. विल्सच्या आधी दुसऱ्या कोणाशी लढायचे नाही, अशीही अट होती. उन्हाळ्यात संस्थेने डेम्प्सीला विम्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घ्यायला सांगितले. त्याने उलट तारेने कळवले की, मी जीन टनीशी होणाऱ्या लढतीच्या तयारीत गुंतलो आहे आणि तुमचा माझा करारच नाही! न्यूयॉर्कने डेम्प्सीला परवाना नाकारला, तेव्हा रिकर्डने मांडव उचलून फिलाडेल्फियाला नेला. २३ सप्टेंबर १९२६ रोजी तिथे एक लाख वीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. डेम्प्सी हरला. अजिंक्यपद टनीकडे गेले. पुढच्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला, ब्रुकलिनमध्ये जॅक शार्कीविरुद्ध लढताना विल्स नियमभंगामुळे बाद झाला. त्याचे अंग आता ओसरले होते. सात वर्षे वाट पाहण्यात उमेदीचा काळ सरून गेला होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. शिकागोच्या त्या संस्थेने डेम्प्सीवर फिर्याद केली. लढत झाली असती तर आम्हाला सोळा लाख डॉलर नफा झाला असता, तो भरून द्या, असे तिचे म्हणणे. १९३२ साली इलिनॉय राज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. करार झाला होता आणि तो मोडला हे खरे. पण न झालेल्या लढतीत किती लोक आले असते, किती पैसा जमला असता, हे सिद्ध करता येणारे नाही, ती नुसती अटकळ आहे. सही झाल्यापासून डेम्प्सीने नकार कळवेपर्यंत जो प्रत्यक्ष खर्च झाला, तेवढ्याचीच भरपाई मागता येईल. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी करारभंगाचा नमुना म्हणून हा खटला शिकत आले आहेत.

आता थोडे थांबून विचार करा. संस्थेने निदान फिर्याद तरी केली. हॅरी विल्सने काय सिद्ध करायचे? ‘मी डेम्प्सीला हरवले असते’ हे त्याने कोणत्या न्यायालयात मांडायचे? ज्या रिंगणात ते सिद्ध झाले असते, त्याच रिंगणात त्याला येऊ दिले नव्हते. संधी नाकारण्यातला खरा अन्याय हा आहे. पराभव झाला तर त्याची नोंद राहते. संधीच नाकारली तर नोंदही राहत नाही, आणि वर लोक विचारतात, ‘तुझी लायकी होती याला पुरावा काय?’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढे ही रेघ पुन्हा पुसली गेली आणि पुन्हा कराराच्या टेबलावरच. १९३७ साली विजेता होता जेम्स ब्रॅडॉक. न्यायाने पहिला हक्क जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगचा, कारण १९३६ मध्ये त्याने काळ्या जो लुईसला हरवले होते. पण जर्मनीत हिटलरचे राज्य होते. श्मेलिंग जिंकला तर अजिंक्यपद नाझींच्या हाती जाईल, या भीतीने अमेरिकेत बहिष्काराची हाक दिली गेली. ३ जून १९३७ रोजी श्मेलिंग वजन करून घ्यायला ठरल्या जागी हजर झाला. ब्रॅडॉक आलाच नाही. कारण त्याचा मॅनेजर जो गूल्ड याने लुईसच्या बाजूच्या माइक जेकब्जशी सौदा केला होता. पुढची दहा वर्षे जेकब्जच्या हेवीवेट लढतींच्या नफ्यातला दहावा हिस्सा आपल्याला मिळावा, अशी त्याची अट होती. २२ जून १९३७ रोजी शिकागोत आठव्या फेरीत लुईस जिंकला. म्हणजे ज्या कलमबाजीने विल्सला बाहेर ठेवले, तिच्याच एका फटकाऱ्याने लुईसला आत घेतले आणि श्मेलिंगला ताटकळत ठेवले. वर्षभराने दोघांची गाठ पडली आणि लुईसने पहिल्याच फेरीत श्मेलिंगला लोळवले, त्यामुळे तो वाद मिटला. रिंगणात आणले की वाद मिटतो. बाहेर ठेवले की तो शंभर वर्षे चालतो.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, परक्यांच्या भानगडी आपल्याला कशाला? तर त्याच वर्षांतले आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या नामांकित स्पर्धेत हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्याला मिळाले नाही. १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तेव्हा कुठे ती रेघ पुसली गेली. बाळू कप्तान म्हणून कसा निघाला असता? याचेही उत्तर कोणाजवळ नाही, आणि ते का नाही हे आता तुम्हाला सांगायला नको.

हॅरी विल्स १९५८ साली वारला. त्याने पैसा नीट राखला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात घरे घेतली, आणि मानाने जगला. १९९२ साली मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्याचे नाव घेतले गेले. डेम्प्सीशी लढायला मिळाले नाही ही खंत मात्र त्याच्या मनातून गेली नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझे शेवटी एक सांगणे आहे. इतिहासाच्या तासाला आपण झालेल्या लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. एखाद्या दिवशी न झालेल्या लढतीची गोष्ट सांगा. मग मुलांना विचारा, ‘डेम्प्सी जिंकला असता की विल्स?’ वर्ग दुभंगेल, आरडाओरडा होईल, होऊ द्या. तो शांत झाला की दुसरा प्रश्न विचारा, ‘हे आपल्याला कळू का शकत नाही?’ आणि हा प्रश्न विचारताना आपली नजर वर्गाच्या शेवटच्या बाकावर एकदा फिरू द्या. तिथे बसलेल्या एखाद्या पोराला वर्षभरात आपण फळ्याजवळ बोलावलेच नसेल, आणि ‘त्याला काही येत नाही’ असे मात्र आपल्या मनाने केव्हाच ठरवून टाकले असेल. कमिटीच्या मनात नसले की जोड लागत नाही. तुमच्या वर्गाची कमिटी तुम्हीच आहात.